देवाविरुद्ध की कमिटीविरुद्ध

गुरुवार, १० फेब्रुवारी

कमिटीला दर महिन्याला द्यायची रोजनिशी वेगळी. तिच्यात किती घरांना भेटी दिल्या, किती बाया प्रार्थनेला बसल्या, एवढंच. सव्वीस वर्षं भरत आले. आज तिच्यात 'आडाला कुलूप लावले' असं लिहायला घेतलं तर त्यासाठी रकानाच नाही. म्हणून ही वही. बोर्डिंगातल्या सुमनची जुनी गणिताची वही आहे, मागची पानं कोरी.

काल नांदेडहून चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षसाहेबांचं पत्र आलं. दुष्काळ पाहता लातूरच्या कंपाऊंडातला आड बोर्डिंगच्या मुलींसाठीच राखावा, बाहेरच्या कोणाला पाणी देऊ नये, आडावर जाळी बसवून कुलूप घालावं, किल्ली बायबलबाईंकडे राहील. बायबलबाई म्हणजे मी. आडाला लागून माझी खोली, म्हणून माझ्याकडे.

शमुवेलनं आज लोहार आणून जाळी बसवून घेतली. मंडळीचा पाळक झाला, पण मला अजून मावशी म्हणतो. बोर्डिंगात मुलगेही असायचे तेव्हा आला, सहा वर्षांचा, डोकं उवांनी भरलेलं. मीच विंचरायचे.

"मावशी, वरून आलंय. आपण ऐकायचं."

वरून म्हणजे नांदेडहून. त्याच्या बोलण्यात नांदेड आणि स्वर्ग एकाच दिशेला आहेत.

किल्ली पदराला बांधली.

रविवार, १३ फेब्रु.

आज उपदेश शौल राजावर. शौलानं देवाचं अर्धंच ऐकलं. चांगली चांगली जनावरं मागं ठेवली आणि वर म्हणाला, देवालाच अर्पण करायला ठेवली. तेव्हा संदेष्ट्यानं त्याला सुनावलं, अर्पणापेक्षा ऐकणं मोठं, आणि बंड करणं हे जादूटोण्याइतकंच पाप. संदेष्ट्याचं नाव शमुवेल, आमच्या पाळकाचंही शमुवेल. मागच्या बाकावर मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या.

हा पाठ त्याला मीच शिकवला. फळ्यावर मेंढरं काढून.

उपासना संपल्यावर मला म्हणाला, "बरोबर झाला का मावशी?"

झाला म्हणाले. बरोबरच झाला होता.

मंगळवार, १५ फेब्रु.

कंपाऊंडाच्या मागं वडारांची पालं आहेत. लातूर जिल्हा झाला त्याला सहा महिने झाले, कचेऱ्यांच्या इमारती चालू आहेत, त्यासाठी दगड फोडायला आलेली माणसं. त्यांच्या बाया रोज संध्याकाळी आपल्या आडावर यायच्या. आज आल्या, जाळी पाहिली, कुलूप पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

हणमव्वा म्हणून एक आहे. दिवस भरत आलेले. डोक्यावर दोन घागरी रिकाम्या.

"आई, एकच घागर."

मी सांगितलं, हुकूम नाही.

"कुणाचा हुकूम?"

साहेबांचा म्हणाले. देवाचा म्हणायला जीभ वळली नाही. ती भांडली नाही. म्हणाली, "मग बार्शी रोडच्या हिरीला जातो," आणि गेली. बाकीच्या तिच्या मागं.

माझी आई गावच्या विहिरीपासून दहा हात लांब उभी राहायची. कोणी वरून ओतील तेव्हा घ्यायची. ख्रिस्ती झालो ते एवढ्याचसाठी नाही, पण याच्यासाठीही झालो. आज मी विहिरीच्या आतल्या बाजूला उभी होते. एका पिढीत केवढी चढले.

बुधवार, १६ फेब्रु.

राखेचा बुधवार. उपवासकाळ सुरू. कपाळाला राख. पाणी जपून, तोंड धुतलं नाही, राख तशीच राहिली दिवसभर.

शनिवार, १९ फेब्रु.

हणमव्वा काल बार्शी रोडच्या त्या मळ्यातल्या विहिरीत पाय घसरून पडली. पाणी तळाला गेलंय, पायऱ्या शेवाळानं बरबटलेल्या, भरलेली घागर काखेत. बाई वाचली. पोटातलं गेलं. मुलगा होता.

मला बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईनं सांगितलं, भाकरी थापता थापता. "ती वडारीण हो, परवा आपल्याकडं आलेली."

पालात गेले. ती भिंतीकडे, म्हणजे गोणपाटाकडे तोंड करून निजलेली. सासू म्हणाली, बसा आई. बसायला दगड दिला. प्रार्थना करू का म्हणून विचारायची मला सवय, तोंडापर्यंत आलं. गिळलं. थोडा वेळ बसून आले.

कमिटीच्या रोजनिशीत आज भेटी एक, प्रार्थना शून्य.

रविवार, २० फेब्रु.

शमुवेलला सांगितलं. त्यानं डोळे मिटले. खरंच वाईट वाटलं त्याला, तो खोटा नाही.

म्हणाला, "मावशी, आपण हुकूम पाळला. जबाबदारी हुकूम देणाऱ्यावर जाते. म्हणून तर आज्ञापालनात शांती असते."

मला विचारायचं होतं की तुला शांती वाटून राहिली का. विचारलं नाही. त्याचा चेहरा दिसत होता.

एकोणिसाव्या वर्षी मला नर्सिंगला मिरजेला जायचं होतं. नाव लागलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, देवाची इच्छा तू बायबलबाई व्हावंस अशी आहे. मी देवाला विचारलं नाही. साहेबांनी विचारलं असेल असं धरून चालले. पुढं नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हाही हेच ऐकलं, देवाची इच्छा. मग तेच शब्द घेऊन मी सव्वीस वर्षं दारोदार फिरले. मारणाऱ्या नवऱ्याकडे बाया परत धाडल्या. सोस बाई, ऐक बाई, ऐकण्यात आशीर्वाद आहे.

गेथशेमानेत प्रभूनंसुद्धा तीन वेळा विचारलं, हा प्याला टळेल का. आम्हाला एकदाही विचारू देत नाहीत.

सोमवार, २१ फेब्रु.

संध्याकाळी बाया पालाकडून बार्शी रोडला निघाल्या. मी कुलूप काढलं, जाळी उघडली आणि हाक मारली.

कोणी पुढं येईना. त्यांना वाटलं काही डाव आहे. मग मीच पोहरा सोडला, शेंदून पहिली घागर भरली. तेव्हा आल्या.

शमुवेल पडवीत उभा राहून पाहत होता. किल्ली मागितली असती तर मी दिली असती. खरंच दिली असती. तो आत गेला.

मंगळवार, २२ फेब्रु.

श. म्हणाला, "मला नांदेडला कळवावं लागेल."

"कळव."

"मावशी, तुम्हाला देवानं सांगितलं का उघडा म्हणून?"

काय सांगू? हणमव्वाची पाठ डोळ्यासमोरून हलेना, कुलपाचा राग आला, उघडलं. त्याला देवाचा आवाज म्हणायचं असेल तर म्हणावं. नसेल तर नुसता एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईचा राग.

"माणसांपेक्षा देवाचं ऐकावं हे वचन काढू नका," म्हणाला. "प्रत्येक बंडखोर तेच काढतो."

नाही काढलं.

शुक्रवार, २५ फेब्रु.

श.नं पत्र सोमवारीच लिहिलं होतं. टाकलं आज. चार दिवस खिशात होतं. स्वयंपाकीणबाईनं पाहिलं, धुवायला टाकलेल्या सदऱ्यात. त्यानं आज्ञा पाळलीच, पण चार दिवस उशिरा.

पालांवरून आता पंधरा-वीस बाया येतात. पलीकडच्या मातंगवस्तीतल्याही. मी नाही म्हणत नाही. एकदा उघडल्यावर कोणाला नाही म्हणायचं, आणि कोणत्या तोंडानं.

मंगळवार, १ मार्च

पोहऱ्यात आज गाळ आला.

शनिवार, ५ मार्च

आड आटला. दुपारी माणूस उतरवून पाहिलं. खाली ओली माती, तीत पोरींचे पडलेले दोन पेले आणि एक चप्पल.

बोर्डिंगात बावीस मुली. नगरपालिकेचा टँकर चार दिवसांतून एकदा, तोही मोठ्या रस्त्यावरच थांबतो.

शमुवेलनं आत वाकून पाहिलं आणि जाळी ओढून घेतली. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

जाळी राहिली असती तर आड जूनपर्यंत पुरला असता. कमिटीचा हिशेब चुकला नव्हता. हे मला लिहून ठेवायचंय, कारण उद्यापासून मी स्वतःला काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

सोमवार, ७ मार्च

बोर्डिंग बंद. पाऊस पडेपर्यंत. मुली ट्रंका घेऊन फाटकाशी, बाप घ्यायला येताहेत.

सुमनची दहावी. परीक्षा सोळा तारखेपासून. नऊ दिवस. मी श.ला म्हटलं, तिला माझ्या खोलीत राहू दे, माझ्या वाट्याचं पाणी दोघींत. तो म्हणाला, नांदेडच्या पत्रात लिहिलंय कोणीही राहायचं नाही. एकीला ठेवलं की सगळ्या मागतील. हेही बरोबर. त्याचं सगळं बरोबर असतं.

तिचा बाप याकोब रेणापूरच्या पुढून आला. दुष्काळी कामावर खडी फोडतो. हात पाहवत नाहीत. मी म्हटलं, परीक्षेपुरती रोज एसटीनं पाठव.

"पाठवतो की बाई."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. बापाचा होकार तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

गुरुवार, १७ मार्च

काल आणि आज शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. काल मराठीचा पेपर, आज दुसरा. सुमन आली नाही.

वडारांची पालं गेली. काम उदगीरकडे लागलं म्हणे. पहाटेच गाढवं लादून निघाले, कोणाला सांगायचं कारण नव्हतं. त्यांच्यासाठी कोणाचं काय गेलं ते त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असण्याचं काही कारणही नाही. हणमव्वा चालत गेली की गाढवावर, तेवढंच मातंगवस्तीत विचारलं. चालत, म्हणाले.

मंगळवार, २२ मार्च. नांदेड

कमिटीपुढं हजर व्हायचं पत्र आलं होतं. सकाळची एसटी, अहमदपूर, लोहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती धूळ. गोदावरीत पात्रभर वाळू, मधे एक डबकं, त्यात म्हशी.

पाच जण बसले होते. अध्यक्षसाहेब चांगले आहेत. मला खुर्ची दिली, आधी चहा पाजला. माझ्या नवऱ्याच्या मातीला ते आले होते, त्याची आठवण काढली.

मग विचारलं, "बाई, तुम्हाला देवाकडून काही प्रेरणा झाली होती का?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हो म्हणावं असं त्यांना वाटून राहिलंय. हो म्हटलं असतं तर प्रार्थना झाली असती, दोघांनी डोळे पुसले असते, समज देऊन सोडलं असतं.

मी म्हणाले, "नाही साहेब. देव काही बोलला नाही. मी वाट पाहिली थोडी. मग उघडलं."

एकानं विचारलं, मग पश्चात्ताप आहे का.

"मुलींचा आहे."

"आणि आज्ञाभंगाचा?"

"तो मुलींच्यातच आला."

त्यांना ते पुरेना. टाइप केलेला कागद पुढं ठेवला. पश्चात्तापाचं पत्र. मंडळीसमोर वाचायचं, मग काम चालू, खोली चालू. 'मी देवाविरुद्ध व देवाने नेमलेल्या अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केले.'

मी म्हटलं, पहिला भाग खोडा, दुसऱ्यावर आत्ता सही करते.

साहेब म्हणाले, "बाई, दोन्ही एकच आहे."

"एकच असतं तर दोनदा कशाला लिहिलं, साहेब?"

कोणी हसलं नाही. साहेबांना राग आला नाही, दुःख झालं. ते मला जास्त लागलं. म्हणाले, तीस एप्रिलपर्यंत विचार करा. तोवर प्रभुभोजन बंद, मंडळीत बोलणं बंद. सही नसेल तर खोली सोडावी.

निघताना साहेब बाहेरपर्यंत आले. "आम्ही तुमचे शत्रू नाही."

हाव साहेब, मी म्हणाले. शत्रू असते तर सोपं होतं.

शुक्रवार, १ एप्रिल

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन उपासना. शेवटच्या बाकावर बसले.

प्रभू शेवटपर्यंत ऐकत गेला, म्हणून आपलं तारण, श. म्हणाला. खरं आहे. पण त्याला वधस्तंभावर दिलं कोणी? सगळे हुकूम पाळणारेच होते. शिपायांनी पाळला, सुभेदारानं पाळला. बंडखोर म्हणून नाव पडलं ते त्याचं.

हे मी मोठ्यानं बोलायला हवं होतं, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, सगुणा, तू काय स्वतःला त्याच्या रांगेत बसवतेस? त्याच्यामुळे बावीस पोरी घरी गेल्या नव्हत्या.

रविवार, ३ एप्रिल

पुनरुत्थानाचा सण. चर्च भरलेलं, पांढरी लुगडी, नवे सदरे. प्याला बाकावरून बाकावर आला. माझ्या बाकाशी श. थांबला नाही. घाईत शेजारणीच्या ओठांवर थोडा द्राक्षारस सांडला.

शेवटी त्यानं लग्नाची नावं पुकारली. लग्नाआधी तीन रविवार पुकारायची असतात, ही पहिली पुकार. सुमन याकोब. नवरा लातूरचा, नव्या कचेरीत शिपाई. पंचवीस तारखेला लग्न.

मला आधी कळेचना की ही आपली सुमन.

शनिवार, ९ एप्रिल

सुमनच्या गावी गेले. रेणापूरला उतरून पुढं पायी. ऊन फार.

याकोबनं बाजेवर बसवलं. मी म्हटलं, ऑक्टोबरला परीक्षेला बसता येतं, तोवर थांब.

"बाई, पक्की नोकरी हाय पोराला. सरकारी. जिल्हा झाला म्हणून लागली, न्हाई तर आपल्या लोकांत शिपाई कोण होतंय? असं स्थळ पुन्हा येत न्हाई. म्या काय वंगाळ करून राहिलो का?"

"तिला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं?" त्याला खरंच नवल वाटलं. "तुम्हीच शिकवलंय न्हाय का बाई बोर्डिंगात, आईबापाचा मान राखावा, त्यांचं ऐकावं. लई चांगलं शिकवलंत. पोरगी उलट बोलत न्हाई."

सुमन चुलीपुढं बसली होती, पाठमोरी. तिला ते ऐकू गेलं.

निघताना फाट्यापर्यंत सोडायला आली. धाकटी बहीण कडेवर. एसटी दिसल्यावर म्हणाली, "बाई, म्या काय करू?"

पळून ये म्हणावं तर एकदा कुलूप काढून काय झालं ते पाहिलंय. ऐक म्हणावं तर सव्वीस वर्षं तेच म्हणत आले. एसटी आली. मी चढले. तिला उत्तर दिलं नाही.

हे सगळ्यात वाईट. कुलूप लावण्यापेक्षा, काढण्यापेक्षा.

रविवार, १० एप्रिल

दुसरी पुकार. श.नं नेहमीप्रमाणे म्हटलं, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आता सांगावी.

मी उभी राहिले.

"मुलगी सोळा वर्षांची आहे. शाळेच्या रजिस्टरात आहे. कायद्यानं अठरा लागतात."

सगळी मंडळी वळली. श.चं तोंड पांढरं झालं. हळूच म्हणाला, "मावशी, तुम्हाला मंडळीत बोलण्याची परवानगी नाही."

"मग मी बोलले नाही. रजिस्टर बोललं."

"बापानं अठरा लिहून दिलंय." मग खाली पाहून, "बसा, मावशी."

बसले. पुढचं गाणं सुरू झालं. माझ्या बाकावरच्या दोघी उठून दुसऱ्या बाकावर गेल्या.

मंगळवार, १२ एप्रिल

श. खोलीवर आला. उंबऱ्यातच उभा. म्हणाला, रजिस्टर पाहून आलो. सोळाच आहेत.

"मग?"

"नांदेडला विचारलंय."

मी हसले. हसायला नको होतं. तो म्हणाला, "तुम्हाला वाटतं मला काही वाटत नाही. मला पुढं शिकायचं होतं मावशी. लातूरला परत जा म्हणाले, आलो. मी जर आता म्हटलं की हे हुकूम देवाचे नव्हते, तर मी कशासाठी आलो इथं? माझी सगळी वर्षं कोणाच्या सांगण्यावरून गेली?"

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. माझी त्याच्यापेक्षा जास्त वर्षं गेलीत.

पाणी दिलं. अर्धा पेला प्याला, अर्धा माठात परत ओतायला निघाला. मी म्हटलं, पी रे पूर्ण.

रविवार, १७ एप्रिल

तिसरी पुकार झाली नाही. श.नं कागद हातात घेतला, पुस्तकात ठेवला, आशीर्वाद देऊन उपासना संपवली. विसरला म्हणतात लोक. याकोब फाटकाशी त्याच्याशी वाद घालत होता. नांदेडचं उत्तर अजून आलेलं नाही, असं श. सांगत होता. उत्तर काय येईल ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. नवऱ्या मुलाचा चुलता कमिटीत आहे.

बुधवार, २० एप्रिल

दुपारी अडीचला दार वाजलं. सुमन. फडक्यात बांधलेले कपडे आणि दहावीची तीन पुस्तकं. रेणापूरपासून चालत आली. एसटीत कोणी ओळखेल म्हणून. पाय फोडांनी भरलेले.

म्हणाली, "अप्पाला सांगून आले. चोरून न्हाई आले. म्हणलं, म्या जाऊन राहिले. त्यानं लई मारलं न्हाई."

बसवलं. पाय पाण्यात ठेवले. शेवटची कळशी होती, पण त्याचा विचार करण्याची वेळ नव्हती.

माझ्या टेबलावर नांदेडचा कागद आहे. सही केली तर खोली राहते, खोली राहिली तर ती राहते, निदान आम्ही भांडायला जागेवर असतो. सही म्हणजे मी देवाविरुद्ध बंड केलं असं मंडळीसमोर म्हणायचं, आणि ते ही पोर ऐकणार, पहिल्या बाकावरून. नाही केली तर दहा दिवसांनी आम्ही दोघीही रस्त्यावर. आता कोण कोणाविरुद्ध बंड करतंय तेच मला समजेनासं झालंय. खोटं बोलून तिला छप्पर द्यायचं, की खरं बोलून उन्हात उभं करायचं? सव्वीस वर्षांत देवानं मला कधी इतका वेळ गप्प राहून दाखवलं नव्हतं. की मीच आतापर्यंत कधी ऐकायला थांबले नव्हते...

शमुवेल येऊन गेला. तिला पाहिलं. म्हणाला, याकोब पाचच्या एसटीनं येईल, तेव्हा मी फाटकाशी असेन. बापाच्या बाजूनं की आमच्या, ते म्हणाला नाही. मला वाटतं त्यालाही ठाऊक नाही.

सुमन पायांकडे पाहत बसलेली. मग विचारलं, "बाई, देव रागावला असंल का माझ्यावर?"

सव्वीस वर्षं मला या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं.

"मला ठाऊक नाही," म्हणाले. "तू आधी भाकरी खा."

ती खाऊन राहिली आहे. साडेचार वाजलेत.